स्क्रीनचं मॅट कोटिंग गेलेला लॅपटॉप आणि मारुती गल्लीतलं माळ्यावरचं दुकान

लॅपटॉपच्या स्क्रीनवर पुसून न जाणारे डाग पडलेत आणि जिथं जाईल तिथं "पॅनल बदला मॅडम" एवढंच ऐकायला मिळतंय, अशा कुणाला तरी उपयोग होईल म्हणून हे लिहितेय. बेळगावात मारुती गल्लीत एका माळ्यावर हे दुकान आहे, खाली मोबाईल कव्हरचा गाळा, त्याच्या शेजारनं अरुंद जिना, वर दाराला एक जुना कीबोर्ड टांगलाय तीच खूण, पाटी नाही. आजवर कुठल्या दुकानाबद्दल मी चार ओळीसुद्धा लिहिल्या नव्हत्या, खरं या माणसानं माझं जे काम केलं आणि त्याहून जास्त म्हणजे जे करू नका म्हणून सांगितलं, त्यासाठी लिहायलाच पाहिजे असं वाटलं.

मी वडगावला राहते, घरातूनच डीटीपी करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, दुकानांचे बोर्ड, शाळांच्या प्रश्नपत्रिका. आमच्याकडं एकाच पत्रिकेत मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही येतं, मुलगी खानापूरची आणि मुलगा बैलहोंगलचा असला की सगळ्या आजी-आजोबा, काका-मामांची नावं दोन्ही भाषांत बसवायची, एका खिडकीत मराठी टाईप करायचं श्रीलिपी आणि दुसऱ्या खिडकीत कन्नडचं नुडी. 2024 मध्ये बोर्डावर 60 टक्के कन्नडचा कायदा झाल्यापासून बोर्डाचं कामही वाढलंय. सांगायचं एवढंच की माझं पोट या स्क्रीनवर आहे. दिवसाला नऊ-दहा तास मी आठ पॉईंटची अक्षरं बघत असते.

लॅपटॉप 2019 चा, 15.6 इंची, मॅट स्क्रीनचा. मॅट मुद्दाम घेतला होता कारण माझं टेबल खिडकीपाशी आहे आणि चकचकीत स्क्रीनमध्ये माझंच तोंड आणि मागची भिंत दिसते. 2020 च्या उन्हाळ्यात सगळ्यांना लागली तशी मलाही सॅनिटायझरची सवय लागली, दुधाची पिशवी पुसा, किल्ल्या पुसा, गिऱ्हाईकानं दिलेला पेनड्राईव्ह पुसा, तसाच स्क्रीनही रोज पुसला. वर आमच्या आळीत यंत्रमाग, कापसाची बारीक तूस सगळ्या घरात उडत असते, ती सारखी स्क्रीनवर बसणार आणि मी हाताला येईल त्या चिंधीनं पुसणार. सॅनिटायझर संपलं तेव्हा काचा पुसायचं निळं लिक्विड मारलं. वर्षभर काही दिसलं नाही. मग एका बाजूनं ऊन आलं की खालच्या भागात पांढुरकं, ढगासारखं काहीतरी दिसायला लागलं, बोटांएवढे पट्टे, मी ज्या दिशेनं पुसत होते अगदी त्याच दिशेनं. मधेमधे बारीक ठिपके. आणि की-बोर्डच्या बटणांचे चौकोनी ठसे, कारण बॅगेत चार्जर नेहमी झाकणावर दाबून बसलेला.

ठिपके म्हणजे किती बारीक सांगते. अनुस्वाराएवढे. पत्रिकेत "शिदे" असं टाईप झालं होतं आणि शि च्या वेलांटीवर नेमका स्क्रीनचा ठिपका आला, मी वाचलं "शिंदे" आणि पुढं गेले. पाचशे पत्रिका छापून आल्या. नवऱ्या मुलाच्या वडिलांचं नाव होतं ते. परत छापून दिल्या, पैसे माझ्या खिशातून गेले, खरं पैशापेक्षा त्या माणसाचा चेहरा बघून जे वाटलं ते वेगळंच. तेव्हापासून मला एक सवय लागली, कुठलंही टिंब दिसलं की पान जरा वर सरकवून बघायचं. टिंब पानाबरोबर हललं तर अक्षराचं, जागेवर राहिलं तर स्क्रीनचं. दिवसातून दोनशे वेळा हे करायचं म्हटलं तर काय होतं विचार करा.

आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. कंपनीचं नाव घेत नाही. काउंटरवरच्या मुलानं लॅपटॉप उघडलासुद्धा नाही, वॉरंटी संपलीय, पॅनल बदलावं लागेल, साडेअकरा हजार. मग ओळखीच्या एकानं सांगितलं म्हणून दुसऱ्या एका दुकानात नेलं, तिथल्या पोरानं पांढरी क्रीम घेतली, गाडीचा ओरखडा घालवायला लावतात तसली, आणि उजव्या कोपऱ्यात खालच्या बाजूला गोल गोल घासायला लागला. मी थांब म्हणेपर्यंत रुपयाच्या नाण्याएवढी जागा आरशासारखी चकचकीत झाली होती. बाकी स्क्रीन मॅट आणि मधेच हे एक चकचकीत तळं. त्यानं "डाग तर गेला की" म्हणून पन्नास रुपये घेतले. मी रडायचीच बाकी होते.

घरी येऊन रात्री व्हिडिओ बघत बसले. माउथवॉश लावा, खायचा सोडा आणि लिंबू लावा, टूथपेस्ट लावा, सगळं कोटिंग खरवडून काढा आणि खालची स्वच्छ काच बाहेर काढा. व्हिडिओत खरंच निघत होतं, लख्ख काच निघत होती. सोड्याची पुडी टेबलावर आणून ठेवली होती मी. खरं मन होईना. दुसऱ्या दिवशी एका प्रेसवाल्या काकांनी या माळ्यावरच्या दुकानाचं सांगितलं.

दुकानात दोघं, म्हातारे मामा काउंटरला आणि त्यांचा मुलगा आत टेबलावर, डोक्याला भिंग लावलेलं. लॅपटॉप हातात घेतल्याबरोबर त्यानं काय केलं तर बंद केला. पूर्ण बंद. मग मोबाईलची टॉर्च आडवी धरून स्क्रीन बघितला, मग चालू करून पांढरं पान उघडलं आणि परत बघितलं. म्हणाला, "अक्का, बंद असताना टॉर्चमध्ये डाग दिसूलालेत म्हणजे वरचं कोटिंग गेलंय. बंद असताना काही दिसलं नसतं आणि पांढऱ्या पानावरच दिसलं असतं, तर आतल्या थरात दाब नायतर पाणी गेलंय म्हणायचं, मग माझ्या हातात काही नव्हतं." एवढी साधी परीक्षा, दोन मिनिटांची, आणि आधीच्या दोन ठिकाणी कुणालाच करावीशी वाटली नाही. तुमच्या घरी तुम्हीही करून बघा, टॉर्च लागते फक्त.

मी सोड्याचं विचारलं. त्यावर त्यानं जे सांगितलं ते मला कुणीच नीट सांगितलं नव्हतं म्हणून सविस्तर लिहिते. चकाकी कमी करायचे दोन वेगवेगळे प्रकार असतात आणि लोक दोन्हीला अँटी-ग्लेअरच म्हणतात. एक प्रकार काचेच्या स्क्रीनचा. तिथं काचेवर अगदी पातळ थर चढवलेले असतात, त्यांच्यामुळं परत फिरणारा उजेड आपापसातच कटतो आणि चमक कमी होते. अ‍ॅपलच्या रेटिना मॅकबुकवर होता तसा. त्यांचं ते कोटिंग इतक्या लोकांचं निघायला लागलं होतं की 2015 मध्ये कंपनीनं ठरावीक मॉडेलांसाठी, घेतल्यापासून काही वर्षांपर्यंत, फुकट दुरुस्तीची सोय केली होती. तिथं खाली खरी काच आहे. त्यामुळं लोक कोटिंग पूर्ण घासून काढतात, स्क्रीन चमकतो जास्त, खरं एकसारखा होतो. व्हिडिओ सगळे त्या जातीच्या स्क्रीनचे.

माझ्यासारख्या मॅट स्क्रीनला वर काचच नाही. वर प्लास्टिकची फिल्म आहे, तिला पोलरायझर म्हणतात, आणि तिचाच वरचा पापुद्रा दुधी काचेसारखा खरखरीत केलेला असतो म्हणून उजेड विखुरतो. म्हणजे "वरचं काढून खालची काच" असलं काही नाहीच. खरवडायला गेलं तर पोलरायझरच खराब होणार. आणि पोलरायझर गेला की काय होतं ते त्यानं दाखवलंच. शेल्फवरनं एक फुटका पॅनल काढला, त्याची वरची फिल्म सोललेली, वायर जोडून चालू केला. नुसता पांढरा उजेड. ट्यूबलाईटसारखा. मग माझ्या हातात फिल्मचा पोस्टकार्डाएवढा तुकडा दिला आणि म्हणाला, धरा की त्याच्यापुढं. धरला तर तेवढ्याच तुकड्यात आत विंडोजचे आयकॉन, घड्याळ, सगळं दिसायला लागलं, तुकडा बाजूला घेतला की परत पांढरं. चित्र तिथंच असतं हो, आपल्या डोळ्याला दिसायला ती फिल्म लागते. तुकडा फिरवला तर चित्र फोटोच्या निगेटिव्हसारखं उलटं होत गेलं, पांढरं ते काळं आणि काळं ते पांढरं. मी पाच मिनिटं त्याच्याशीच खेळत बसले. घरची सोड्याची पुडी आठवून मात्र पोटात गोळा आला.

पोलरायझर नवीन लावता येतो का विचारलं तर म्हणाला टीव्हीचे लावतात, शीट मिळतं, खरं लॅपटॉपच्या पॅनलची काच कागदासारखी पातळ, जुनी फिल्म सोलताना दहातली किती फुटतील सांगता येत नाही, मी तुमच्या पैशावर जुगार खेळणार नाही. हे वाक्य मला फार आवडलं.

मग त्यानं टेबलावरचा साधा सेलोटेप घेतला. म्हटलं आता काय. बोटाएवढी पट्टी तोडून स्क्रीनवरच्या सगळ्यात घाणेरड्या पांढऱ्या डागावर हलक्या हातानं चिकटवली. डाग गेला. म्हणजे पट्टीच्या खाली गेला, पट्टीच्या दोन्ही बाजूंना डाग तसाच आणि मधे स्वच्छ. मी चष्मा काढून परत लावला. म्हणाला, बाथरूमच्या खिडकीला दुधी काच असते नव्हं, तिच्या खरखरीत बाजूला सेलोटेप लावा, तेवढ्यातनं आरपार दिसतं. गोंद खाचांमध्ये भरतो, पृष्ठभाग सपाट होतो, उजेड विखुरत नाही. (घरी जाऊन लावून बघितला. खरं आहे. समोरच्या गच्चीवरचे कपडे दिसले.) माझ्या स्क्रीनवर काही ठिकाणी सॅनिटायझरनं पापुद्रा जास्त खरखरीत झालेला, काही ठिकाणी घासून गुळगुळीत झालेला. सगळ्या स्क्रीनवर एक चांगली फिल्म बसवली की खालचा चढउतार गोंदात बुजतो, आणि फिल्मची वरची बाजू मॅट असली की चकाकीचंही काम होतं.

भिंगातनंही दाखवलं त्यानं. चांगल्या भागात लाल, हिरवे, निळे कण फुटल्यासारखे, विस्कटलेले दिसतात, ते मॅटमुळं. क्रीमनं घासलेल्या नाण्याएवढ्या जागेत तेच कण रेघ मारल्यासारखे सरळ. म्हणजे तिथं मॅट पूर्ण गेलेला. "हे कुणी केलं?" एवढंच विचारलं आणि पुढं काही बोलला नाही.

दोन पर्याय दिले. नवीन पॅनल, फुल एचडी, 30 पिनचा, मूळचा होता तसाच आयपीएस (बाजूनं बघितलं तरी रंग बदलत नाहीत त्या जातीचा), साडेपाच हजार, सहा महिन्यांची गॅरंटी. नाहीतर फिल्म, लावणीसकट सातशे. मी विचारलं तुम्ही काय केलं असतं. म्हातारे मामा काउंटरवरनं म्हणाले, "लॅपटॉप आणखी चार वर्षं चालवणार असलीस तर पॅनल घाल बाळ, दोन वर्षांत बदलणार असलीस तर फिल्म लाव." मी फिल्म घेतली.

आता जे पटलं नाही ते. उद्या संध्याकाळी या म्हणाले, गेले तर झालं नव्हतं, फिल्म हुबळीहून यायची होती आणि आली नव्हती. एक फोन केला असता तर वडगावहून भर लगीनसराईत बाजारातल्या गर्दीत माझी खेप वाचली असती. मारुती गल्लीत गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे नशीबच. तिसऱ्या दिवशी गेले तेव्हा माझ्यासमोर लावली. लावण्याआधी मागच्या मोरीत जाऊन भिंतींवर पाणी शिंपडलं, पंखा बंद, धूळ खाली बसायला. स्क्रीन आधी कोरड्या मायक्रोफायबरनं, मग नुसत्या आरओच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडानं, मग चिकटपट्टीनं टिपून टिपून तूस काढली. माझ्या लॅपटॉपच्या कडांतनं एवढी तूस निघाली की त्यानं विचारलं, "वडगाव काय तुमचं?"

पहिली फिल्म लावली आणि मी पांढरं पान उघडलं तर सगळ्या पानावर साखर पेरल्यासारखं चमचम करूलालेलं. बारीक रंगीत कण, डोकं हलवलं की तेही हलतात. डाग गेले होते, पूर्ण गेले होते, खरं त्या चमचमीत आठ पॉईंटचं कन्नड ओत्ताक्षर, म्हणजे जोडाक्षरात खाली येणारं बारकं अक्षर, काय दिसणार. हे मॅट फिल्मचं मोठं दुखणं आहे आणि घेताना कुणी सांगत नाही, स्वस्त फिल्मचा खरखरीतपणा जाड असतो आणि स्क्रीनचे कण बारीक, दोघांचं जमत नाही. सिनेमा बघणाऱ्याला चालेल, अक्षरं बघणाऱ्याला नाही. मी संकोचानंच म्हटलं की मला हे चालणार नाही. त्यानं पत्रिकेची फाईल उघडायला लावली, स्वतः खुर्चीत बसून वाचून बघितली (मराठी आणि कन्नड दोन्ही, घडाघडा), आणि एक शब्द न बोलता फिल्म सोलून काढली. सोललेली फिल्म परत वापरता येत नाही, ती कचऱ्यात गेली. दुसरी, बारीक पोताची, लावली. वरचे पैसे मागितले नाहीत, मीच विचारलं तर म्हणाला पहिलीच चुकीची मागवली मी, तुमचं काम विचारायला पाहिजे होतं.

ही बारीक पोताची जराशी जास्त चमकते. माझ्या मागच्या खिडकीचा पडदा मी आता दुपारी ओढून घेते. चमचम आहे, खरं अगदी पुसटशी, दोन दिवसांत नजर बसली. ब्राइटनेस आधी 60 वर असायचा तो 70 वर न्यावा लागला. पांढरे पट्टे आणि बटणांचे ठसे समोरनं अजिबात दिसत नाहीत. क्रीमनं घासलेली ती नाण्याएवढी जागा मात्र आहे, सकाळचं ऊन तिरकं आलं की तिची कड दिसते, ती जाणार नाही असं त्यानं लावायच्या आधीच सांगितलं होतं. डाव्या कडेला फिल्मखाली तूसचे दोन कण राहिलेत, अक्षरांच्या आड येत नाहीत म्हणून मी सोडून दिले.

पुसायचं कसं ते मामांनी बजावून सांगितलं. लॅपटॉप बंद करून, गार झाल्यावर, कोरडं मायक्रोफायबर, दाब न देता. चिकट काही असेल तर नुसतं पाणी, तेही कापडावर, स्क्रीनवर कधी फवारायचं नाही, कडेनं आत उतरतं. सॅनिटायझर, थिनर, नेलपॉलिश काढायचं लिक्विड, अमोनियावालं काचेचं लिक्विड, यातलं काही नाही. टिश्यू आणि वर्तमानपत्राचा कागदही नाही. चार्जर बॅगेच्या दुसऱ्या कप्प्यात. मी आता मायक्रोफायबरचे तीन तुकडे ठेवलेत आणि आठवड्याला धुते, कारण तूस त्यातच अडकून राहिली तर तोच तुकडा सँडपेपर घासल्यासारखा होतो.

जाणार असाल तर दुपारी दोन ते चार बंद असतं. जिना अंधारा आहे, वयस्कर माणसाला घेऊन जाऊ नका. मराठी, कन्नड, हिंदी काहीही बोला. बिल मागितलं तर देतात. आपलं काम काय आहे, अक्षरांचं की फोटोंचं की नुसतं बघायचं, ते आधीच सांगा, म्हणजे फिल्म त्या हिशोबानं मागवतील. आणि निघायच्या आधी फोन करून माल आलाय का विचारा, तो नंबर बिलावर असतो.

चार महिने झाले. परवा एका पत्रिकेत "मंगल कार्यालय" च्या म वर टिंब दिसलं आणि सवयीनं मी पान वर सरकवलं. टिंब पानाबरोबर वर गेलं.